काजूच्या तेलाचा काळा

माझी पहिली पोस्टिंग उत्तरेकडच्या एका डोंगरी छावणीत, वर्कशॉपला झाली. ट्रेड व्हेईकल मेकॅनिक. गाव जालन्याकडचं, शाळा नववीतच सुटलेली. वर्कशॉपच्या इंग्रजी पाट्या बघून घाम फुटायचा. हवालदार सदा परब माझे उस्ताद, मालवणजवळच्या आचऱ्याचे. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातात पाना दिला. म्हणाले, "पाटी सोड रे. नट वाच."

मेससमोर एक जुनी मोटारसायकल उभी असायची. पूर्वी निरोप पोचवणारे डिस्पॅच रायडर वापरायचे ती. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. रेझिंग डे, म्हणजे युनिटच्या स्थापनेचा दिवस, जवळ आला होता. जनरलसाहेब येणार होते. मेजरसाहेबांचा हुकूम आला. इंजिन नवं दिसलं पाहिजे, आणि जनरलसाहेबांच्या जीपपुढे वरच्या गेटपासून ग्राउंडपर्यंत पायलट म्हणून हीच गाडी धावेल.

क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं कवच, घासून आम्ही आरशासारखी केली. अडचण सिलिंडरची होती. बाजारचा काळा रंग इंजिन तापलं की फुगून सुटायचा. मेजरसाहेबांनी दोनदा परत पाठवला. "कोयले जैसा नहीं परब, पियानो जैसा चाहिए."

उस्तादांनी घरी फोन केला. त्यांच्या वडिलांना सगळे आबा म्हणतात. आबांनी काजूच्या टरफलांचं तेल पार्सलने धाडलं. आचऱ्याला हे होडीच्या लाकडाला लावतात. लोखंडावर लावून भाजलं की काळं कुळकुळीत बसतं, पेट्रोलनेही निघत नाही. पण कातडी जाळतं. म्हणून गावी आधी हाताला खोबरेल चोपडतात.

उस्तादांनीही चोपडलं. सिलिंडरभोवतीच्या पात्यांच्या, फिन्सच्या, फटींत चिंधी फिरवायला ग्लोव्हज जाड पडत होते. आचऱ्याच्या उन्हात खोबरेल पातळ राहतं. इथे ते बोटांवर मेणासारखं थिजलं आणि पापुद्रे होऊन गळालं. गारठलेल्या बोटांना चटका कळलाच नाही. सिलिंडर लंगरच्या, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघराच्या, तंदुरात भाजला. बाहेर काढल्यावर उस्ताद खूश. "बघ, माझ्या लग्नातल्या बुटांपेक्षा चकाकता."

दुसऱ्या दिवशी त्यांचे दोन्ही हात सुजले, फोड आले. एमआय रूममध्ये, छावणीच्या दवाखान्यात, पट्ट्या बांधल्या. मूठ मिटेना.

परेडच्या सकाळी मेजरसाहेब आले.

"सर, उस्तादांचे हात," मी म्हणालो.

"तो फिर गाडी तू चला."

मी ती गाडी फक्त सपाटीवर चालवली होती. घाईत माझा पाय ब्रेक समजून गिअरवर जायचा. उस्ताद पुढे झाले. "साब, उतार पे इसका पाँव गलत जाएगा. मैं जाता हूँ."

"उस्ताद, नको."

"तू गप रव. आवशीक एकुलतो झील तू."

मेजरसाहेबांनी पट्ट्यांकडे बघितलं. "ऊपर सफेद ग्लोव्हज चढाओ. दिखनी नहीं चाहिए."

ग्लोव्हज मी चढवले. उस्तादांनी दात आवळले.

मी खाली ग्राउंडवर, रिकव्हरी गाडीतल्या रेडिओजवळ होतो.

"पायलट निकल गया. ओव्हर."

"रॉजर."

उतारावरून इंजिनाचा ठोका ऐकू येत होता. मग यायचा थांबला.

"पायलट कहाँ है? ओव्हर."

"मोड पर नहीं है. नीचे गया है. ओव्हर."

मग मेजरसाहेबांचा आवाज आला. "काफिला मत रोको. बँड शुरू करो. आउट."

बँड वाजत असताना आम्ही दोर बांधून नाल्यात उतरलो. उस्ताद गाडीखाली होते. संपले होते. हातातल्या ब्रेकची केबल शाबूत, लिव्हर शाबूत. त्या उतारावर नुसता पायाचा ब्रेक पुरत नाही, आणि हातातला दाबायला मूठ मिटली नव्हती. ग्लोव्हज आतून भिजून लाल झाले होते. वरून मेजरसाहेबांनी विचारलं, "इंजिन?"

सिलिंडरवर ओरखडासुद्धा नव्हता.

चौकशीत 'चालकाचा ताबा सुटला' असं ठरलं. गाडी दुरुस्त होऊन परत मेससमोर उभी राहिली. खाली पितळी पाटी लावली. तिच्यावर वर्कशॉपचं नाव आहे, उस्तादांचं नाही.

पेन्शनवर आल्यावर मी आचऱ्याला आबांना भेटायला गेलो, तो तिथेच राहिलो. त्यांनी मागची पडवी दिली, दोन वेळचं ताट दिलं. हे उपकार फिटायचे नाहीत. लोक जुन्या मोटारसायकलींची इंजिनं घेऊन येतात. केसिंग वाळूच्या ब्लास्टिंगने साफ करायला कुडाळला पाठवतो, सिलिंडरला काळा इथे चढवतो. तेल आबाच काढतात. मी दुहेरी ग्लोव्हज घातल्याशिवाय बाटलीला हात लावत नाही. आबा हसतात.

"मिलिटरीवालो ना रे तू? खोबरेल लाव, काय एक होवचा नाय. माझ्या सदान कधी हातमोजे घालूक नाय."

त्या हातांचं आबांना कुणी सांगितलेलं नाही. ते समोरून उठायच्या आत मी काहीतरी बोलून बसेन, अशी धास्ती मला रोज असते.

पहिल्या भेटीत त्यांनी एकच विचारलं होतं. "मी धाडलेला तेल बरा धरला मां?"

"धरलं, आबा. अजून आहे तसंच."

तेव्हापासून नवी बाटली भरली की आबा ती आधी सदाच्या फोटोपुढे ठेवतात. मग मला देतात.