आधी पटाशी, मग गिटार

माझ्या नाकावर राग असतो, हे खांदा कॉलनीतल्या आमच्या सोसायटीत वॉचमनपासून सेक्रेटरींपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच रागाच्या भरात मी आठ वर्षांपूर्वी मुलाची गिटार भंगारवाल्याला देऊन टाकली. तो तेव्हा बारावीत होता. सहामाहीला मार्क कमी पडले होते, मी ऑफिसातून दमून आले होते आणि त्याच्या खोलीच्या बंद दाराआडून तेच ते झणझण चालू होतं. दुसऱ्या दिवशी तो क्लासला गेल्यावर भंगारवाल्याची हाक आली, आणि मी गिटार उचलून खाली नेऊन दिली.

मुलाने घरी आल्यावर रिकामा कोपरा पाहिला, मुकाट्याने जेवला आणि अभ्यासाला बसला. तो ओरडला असता तर मीही ओरडले असते आणि विषय मिटला असता. पण तो एक अक्षर बोलला नाही आणि त्याने गिटारीला पुन्हा कधी हात लावला नाही. आता पुण्याला नोकरी करतो, दर रविवारी फोन करतो, माझ्या बीपीच्या गोळ्यांची चौकशी करतो. मुलगा गुणी आहे. मलाच ते सहन होत नाही.

यंदा मी मुदतीआधीच नोकरी सोडली आणि पहिल्याच मोकळ्या सोमवारी जाहीर केलं, की मी गिटार बनवणार आहे. दुकानातून आणता आली असती, पण ती भरपाई झाली असती. मला माफी मागायची होती, आणि तोंडाने माफी मागणं मला जन्मात जमलेलं नाही. आमच्या ह्यांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, “आपल्या विळीला धार नाही आणि गिटार?” मी विळी त्यांच्यासमोर आदळली आणि कामाला लागले.

पहिली चूक नवशिक्याची. मोबाइलवर लाकूडकामाच्या हत्यारांचा मोठा संच मागवला. लाल पेटी, आत प्रत्येक हत्याराला आपापला खण. पेटी उघडून मी दोन दिवस नुसती बघत बसले. तिसऱ्या दिवशी पटाशी लाकडावर ठेवून हातोडी मारली, तर लाकूड कापलं नाही, चेचलं. आजोबांच्या दाताखाली चिक्की सापडावी तसं झालं. मी तणतणत पेटी उचलली आणि रिक्षाने पनवेलच्या बाजारात एका हार्डवेअरवाल्याकडे गेले.

“मिस्त्री कुठे आहे?” त्याने विचारलं.

“मीच मिस्त्री.”

तो हसला, आणि मग त्याला पाच मिनिटं माझं ऐकून घ्यावं लागलं. पण माणूस भला असावा. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाला, “ताई, कोन गावात एक म्हातारे सुतार आहेत, देव्हारे करतात. आणखी हत्यारं घेण्याआधी त्यांना भेटा.”

कोनला हायवेच्या आवाजात पत्र्याच्या शेडखाली ते म्हातारेबुवा देव्हाऱ्याचा कळस कोरत बसले होते. मी गिटार करायची आहे म्हणून सांगितलं आणि पेटी उघडून दाखवली. त्यांनी एक पटाशी उचलली, पात्यावरून अंगठा आडवा फिरवला आणि परत ठेवली.

“ही धार नाय, ही चमक हाय,” ते म्हणाले. “हत्यार दुकानातून बोथटच येतं. धार आपुन लावायची.”

हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी म्हटलं, “मग तुमचा रंधा द्या चार दिवस, तोवर मी ह्या हत्यारांना धार लावते.”

त्यांनी रंधा चक्क मांडीमागे सरकवला. “त्यो नाय मिलायचा. मी डावरा हाय. तीस वरसं त्यो माज्या हाताला बसलाय, तुमाला चालायचा नाय.” मग म्हणाले, “वाजवनारा कोन?”

“मुलगा.”

“उजवा का डावरा?”

“उजवा,” मी ताठ्यात सांगितलं. “लहानपणी डावरा होता. मी वळण लावलं.”

पेटीतून त्यांनी चारच वस्तू बाजूला काढल्या: एक पटाशी, एक लहान रंधा, एक बारीक दातांची करवत आणि काटकोन बघायचा गुण्या. “इतक्यात देव्हारा व्हतो. तुमचा बाजा बी व्हईल. बाकी पेटी बंद करा.” पाचवी वस्तू त्यांनी स्वतःची दिली, मधोमध झिजून खळगा पडलेला धार लावायचा दगड. “ह्यो चालंल. दगडाला उजवा-डावा नसतो.”

पुढचे तीन आठवडे मी गिटारीच्या वाटेला गेलेच नाही. बाल्कनीत जुनं डायनिंग टेबल भिंतीला टेकवून ठेवलं आणि रोज सकाळी दगडावर पाणी शिंपडून पातं घासत बसले. कोन बदलला की धार जाते, राग आला की कोन बदलतो, त्यामुळे मला रागावण्याची सोयच उरली नाही. खालच्या मजल्यावरच्या बाई आवाजाची तक्रार घेऊन आल्या. मी त्यांच्या सुऱ्यांना धार लावून दिली आणि तक्रार मिटली. एके दिवशी पटाशीने मनगटावरची लव साबणाशिवाय उतरली. मी ह्यांना हाक मारून मनगट दाखवलं. विळीलाही धार लावली, तेव्हा ते पहिल्यांदा म्हणाले, “होईल बहुतेक तुझी गिटार.”

मग मात्र मी थांबले नाही. गिटारीच्या तोंडावरची फळी, जिच्यातून आवाज निघतो, ती मागवली. पांढरट, हलकी, पापडासारखी. दोन तुकडे मधोमध जोडले आणि रंध्याने तासून तासून पातळ केले. दोनदा जोड उघडला, दोनदा पुन्हा केला. खंडेनवमीला चारही हत्यारं आणि तो दगड पाटावर मांडून झेंडूची फुलं वाहिली. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो, आणि मला दिवस जाता जाईना, इतकी सवय झाली होती. दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या मुहूर्तावर फळीच्या पोटाला आधाराच्या पट्ट्या चिकटवायला घेतल्या. मोबाइलवरून उतरवलेल्या नकाशात त्या तिरक्या होत्या, जाड तारांच्या बाजूला वेगळ्या, बारीक तारांच्या बाजूला वेगळ्या. मी नकाशाबरहुकूम एकेक पट्टी बसवली. नखभरही चूक नव्हती.

दिवाळीला मुलगा आला. पहिल्या आंघोळीनंतर फराळ झाला आणि मी त्याला बाल्कनीत नेलं. त्याने टेबलाकडे पाहिलं, दगडाकडे, फळीकडे, मग माझ्या हातावरच्या चिरांकडे. फळी दोन बोटांत धरून कानाशी नेली आणि टिचकी मारली. ती वाजली. तो हसला, आणि मला वाटलं, जमलं.

मग त्याने फळी उलटी केली. पट्ट्यांवरून बोट फिरवलं आणि हळूच म्हणाला, “आई, ही उजव्या हाताची आहे.”

“मग? तू उजवाच...”

“लिहायला आणि जेवायला. वाजवायला नाही. माझ्या तारा उलट्या लावलेल्या असायच्या.”

लहानपणी त्याने प्रसादाला डावा हात पुढे केला की मी त्यावर चापट मारायचे. तो हात त्याने वाचवला होता फक्त गिटारीसाठी, बंद दाराआड. मी त्याची गिटार दोन वर्षं ऐकली, तिच्यावर खेकसले, ती भंगारात दिली. पण तो ती धरतो कशी, हे एकदाही दार उघडून पाहिलं नाही. कोनच्या म्हाताऱ्यांनी सरळ विचारलं होतं, तेव्हाही मी ताठ्यात उत्तर दिलं होतं.

“असू दे गं,” तो म्हणाला. “तारा उलट्या लावीन. चालेल.”

“नाही चालणार.” आवाज चढलाच माझा. मग खाली आला. “त्या दिवशी मी चुकले. तुझी गिटार द्यायला नको होती. तुझ्या हातावर मारायलाही नको होतं.”

त्याने फळी जपून टेबलावर ठेवली. मग म्हणाला, “मला तेव्हा फार राग आला होता.”

“मग ओरडायचंस.”

“तुझ्यासमोर?” तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही हसलो. त्याचे डोळे भरले होते, माझेही.

टेबलाखाली गिटारीच्या आकाराचा प्लायवूडचा साचा पडला होता. मी तो पुसून त्याच्या हातात दिला आणि त्याला स्टुलावर बसवलं. “धरून दाखव,” म्हटलं, “तू धरायचास तशी.”

त्याने साचा मांडीवर घेतला. उजवा हात लांब केला, डावा हात पोटाशी आला, आणि नसलेल्या तारांवरून त्याची डाव्या हाताची बोटं फिरू लागली. मी समोर उभी राहून नीट पाहून घेतलं. मग दगडावर पाणी शिंपडलं, पटाशीला धार लावली आणि फळीवरची उजव्या हाताची पहिली पट्टी तासून काढायला घेतली.