पहिल्या पटावरची मुलगी

नवा जिल्हा झाला म्हणून आम्ही अहमदपूरला आलो. बाबा तहसीलमध्ये कारकून. उस्मानाबादचे कागदांचे गठ्ठे आता लातूरच्या नावानं लावायचे होते, त्या कामावर त्यांची बदली झाली. पुढं दोन-तीन वर्षांतच पाऊस असा रुसला की गठ्ठे बाजूला राहिले आणि बाबा दिवसभर टँकरच्या खेपा लिहीत बसू लागले.

बसस्टँडसमोर एका घड्याळजींचं दुकान होतं. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात, नववीत होती. गिऱ्हाईक नसलं की बापलेक बुद्धिबळ खेळत. चाचांनी दोन गजराची घड्याळं एका लाकडी पेटीत बसवून स्पर्धेसारखं घड्याळ बनवलं होतं. मी तिथंच खेळायला शिकले आणि तिच्याशी रोज हरायला लागले.

तिचं खेळणं मला कधी आवडलं नाही. भीती वाटायची. ती मोहरी मारायची नाही. समोरच्याची घरं घ्यायची, एकेक करून. आधी उंटाला जायला जागा उरायची नाही, मग घोड्याला. सगळी मोहरी जिवंत असायची आणि एकही हलवता यायचं नाही. अंगावर धावून येणाऱ्याशी निदान झगडता तरी येतं. इथं आपण आपल्याच राजाभोवती गुदमरत बसायचो.

आणि मधेच ती थांबायची. चाल करायला हात उचललेला असायचा, तसाच अधांतरी राहायचा. डोळे उघडे, पापणी हलत नसे. दोन मिनिटं, कधी तीन. मग हात मांडीखाली घेऊन ती आणखी बराच वेळ बसून राही आणि त्यानंतर चाल करी.

"विचार करायलीय," चाचा कौतुकानं म्हणायचे. "डिस्टर्ब नका करू."

नव्या जिल्ह्याला आता स्वतःचा संघ पाठवायचा होता. निवड लातूरला झाली. आमच्या खेळाच्या सरांनी तिला नेलं आणि मुलगी एकटी कशी पाठवायची म्हणून सोबत मलाही नेलं. तिथं तिच्यासमोर एक वकील आले, चाळिशी उलटलेले. डाव मध्यावर असताना ती थांबली. वकिलांनी तिच्याकडं पाहिलं, पटाकडं पाहिलं, पुन्हा तिच्याकडं. रुमालानं मान पुसली. तिनं चाल केल्यावर त्यांनी घाईनं वजीर हलवला आणि तो अडकला. बाहेर येऊन ते सरांना म्हणाले, "पोरीची नजर लई वाईट हाय हो. माणूस बसू शकत न्हाई समोर."

सरांना तेच हवं होतं. ती पहिल्या पटावर निवडली गेली. चार जणांच्या संघात चौथ्या पटाला माणूस मिळेना, तिथं मला बसवलं. गावात तिला ग्रँडमास्टर म्हणू लागले. खरा ग्रँडमास्टर कुणीच पाहिलेला नव्हता.

परतताना एसटीत तिनं हळूच विचारलं, "वकिलांनी घोडा कधी हलवला गं?"

"तुझ्यासमोरच तर हलवला. तू बघतच होतीस की."

"न्हाई." ती खिडकीबाहेर बघत राहिली. "मी कधीकधी नसतेच. मधेच पट निघून जातो. परत येतो तवा घड्याळ पुढं गेलेलं असतं. समोरच्यानं त्याच्या आधी कुठली चाल केली तेबी पुसलेलं असतं, मग हुडकावं लागतं."

त्या दिवशी मी तिच्या ओठांकडंही पाहिलं होतं. थांबलेली असताना ते बारीक हलत होते, काहीतरी चघळल्यासारखे, आणि डाव्या हाताची बोटं ओढणीचं टोक चिवडत होती. विचार करणारं माणूस तसं करत नाही.

"अब्बांना सांगू नको," ती म्हणाली. "माझं बाहेर जाणं बंद व्हईल. शप्पथ घे."

मी घेतली.

नांदेडला होणाऱ्या जिल्हा संघांच्या सामन्यांना आठवडा उरला असताना आम्ही बारवेवर पाण्याला गेलो. नळ कधीच बंद पडले होते. बारवेचं पाणी पायऱ्या सोडून पार तळाला गेलेलं. उतरायचं, तांब्यानं गढूळ पाणी घागरीत भरायचं आणि चढून यायचं. खालच्या पायऱ्या शेवाळ वाळून पांढऱ्या पडल्या होत्या, त्यांना कठडा नव्हता. ती माझ्या पुढं उतरत होती. शेवटून चौथ्या पायरीवर ती थांबली. कमरेची घागर सुटली, पायऱ्यांवर आपटत खाली गेली आणि खडकावर जाऊन पडली. त्या आवाजानंही तिनं मान हलवली नाही. एक पाय पुढं अधांतरी. मी तिची वेणी धरली, मग दंड धरला आणि तिला घेऊन पायरीवर बसले. वरून बायका ओरडत होत्या, "काय करायल्या गं पोरी?"

शुद्धीवर आल्यावर ती आधी घागर शोधू लागली.

दुसऱ्या दिवशी मी शपथ मोडली. चाचांना सांगायचा धीर झाला नाही, सरांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ऊन किती आहे. चक्कर आली असेल," ते म्हणाले. "नांदेडहून आलो की दाखवू डॉक्टरला. आत्ता बोलू नकोस. घाबरेल ती."

घाबरले होते ते सर. मला ते दिसत होतं, तरी मी गप्प बसले. तेवढ्यानं मला बरंही वाटलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. गोष्ट मोठ्या माणसाच्या हातात गेली होती.

नांदेडला एका शाळेच्या सभागृहात सामने होते. लांब टेबल, एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी. शेवटचा सामना यजमान संघाशी. तिच्यासमोर कॉलेजचा एक मुलगा होता. खेळ चालू असताना दुसऱ्याच्या डावात बोलायचं नाही, हात लावायचा नाही, हे पंचांनी सुरुवातीलाच बजावलं होतं.

तासाभरानं मी मान वर केली तर ती थांबलेली होती. मी माझी एक चाल केली. पुन्हा पाहिलं. अजून तशीच. तो मुलगा खुर्चीला टेकून घड्याळाकडं बघत होता. सर भिंतीपाशी उभे होते, त्यांचीही नजर घड्याळावरच होती. एवढा वेळ कधी लागला नव्हता. तिची मान हळूहळू एका बाजूला वळू लागली, खांद्यावरून मागं कुणाला बघावं तशी. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ आली.

मी उठले. पंच म्हणाले, "बसा जागेवर." मी त्या टोकापर्यंत गेले आणि तिच्या दोन्ही खांद्यांना धरलं. तेवढ्यात तिचं सगळं अंग ताठ झालं. खुर्ची मागं गेली, मोहरी फरशीवर विखुरली आणि ती माझ्या अंगावर कोसळली. टेबलाच्या लोखंडी पायापासून तिचं डोकं वीतभर दूर होतं. माझा हात खाली आला म्हणून वाचलं.

तिचा आणि माझा, दोन्ही डाव पंचांनी आमच्या विरुद्ध दिले. सामनाही गेला.

दवाखान्यात जाग आल्यावर तिनं पहिलं विचारलं, "निकाल काय?" मी सांगितला. तिनं भिंतीकडं तोंड केलं.

संध्याकाळी चाचा आले. डॉक्टर त्यांना समजावत होते की ही मिरगी आहे, हातपाय झाडले म्हणजेच फीट असं नसतं, ते थांबणंसुद्धा फीटच होतं, आणि गोळ्या वर्षानुवर्षं घ्याव्या लागतील. चाचा टोपी हातात घेऊन ऐकत होते. बाहेर व्हरांड्यात येऊन ते मला म्हणाले, "बंद घड्याळ मला दुरून कळतं बेटा. माझी पोरगी समोर बंद पडत होती. न्हाई कळलं." सर तिथंच होते. मी त्यांचं नाव घेतलं नाही.

ती माझ्याशी पाच-सहा महिने बोलली नाही. गोळ्यांनी सुस्त व्हायची, वर्गात पेंगायची. दहावीनंतर ती पुन्हा खेळू लागली, पण ते खेळणं वेगळं होतं. पटापट मोहरी मारायची, डाव लवकर मोकळा करायची. कधी जिंकायची, पुष्कळदा हरायची. समोरच्या माणसाला आता घाम फुटत नव्हता. गावानं ग्रँडमास्टर म्हणणं सोडून दिलं. पुढं ती विद्यापीठाच्या संघात खेळली, उदगीरला शाळेत लागली आणि मुलांना बुद्धिबळ शिकवू लागली. मी नांदेडनंतर पटावर बसले नाही.

एकदा उदगीरला तिच्या घरी गेले होते. जेवणं झाल्यावर मी विचारलं, इतकी वर्षं विचारायचं राहिलं होतं ते. "तो नांदेडचा डाव तुझ्या हातात होता का?"

"व्हय," ती म्हणाली. तिनं पट काढला, आठवणीनं सगळी मोहरी मांडली आणि दोन्ही बाजूंच्या चाली करून दाखवल्या. सातव्या चालीला काळ्या राजाला घर उरलं नाही.

"मी आले नसते तर?"

ती मोहरी डब्यात भरत होती. "तर एकतर जिंकले असते," ती म्हणाली, "न्हाईतर आत्ता तुला चहा विचारायला नसते. चहा घेतीस?"

मी हो म्हटलं.