माझा खोटा डाव आत्या पकडायची

हातात काहीच नसताना तुमचाही आवाज वाढतो का?

माझा वाढायचा. वडील चळवळीतले, घरात पत्रकांचे गठ्ठे. मी वाचायला शिकलो तेच 'जाहीर' आणि 'धिक्कार' या शब्दांवर. पोळ्याच्या दिवसांत घरची मंडळी तीन पत्ती खेळायला बसायची, पैशांऐवजी सीताफळाच्या वाळलेल्या बिया लावून. हलके पत्ते आले की मी भाषणच सुरू करायचो. आत्या शांतपणे बी पुढे सरकवायची आणि शो मागायची, म्हणजे पत्ते उघडायला लावायची.

"काऊन रे, पत्ते नाहीत वाटते? लई बोलून राह्यला!"

दरवेळी हरायचो, चिडायचो. शेवटी तिनंच समजावलं. "नव्या माणसानं आधी खरं खेळावं. तू चांगल्या पत्त्यावरच चाल करतं, हे लोकायले दिसू दे. मंग एकदाच फसव. तेबी समोर एकच गडी उरला तवा. चार जण असले तं एखादा शेवटपर्यंत टिकतेच. अन् हळू बोल."

नव्या जिल्ह्यांची आखणी चालू होती तो पावसाळा. आमचं गाव जवळच्या तलमडुगू मंडलातून, म्हणजे तालुक्यातून, काढून दूरच्या मंडलात टाकणार, अशी बातमी आली. साध्या दाखल्यासाठी माणसाचा अख्खा दिवस गेला असता. मी पत्रक लिहिलं : 'सारं गाव हायवेवर बसेल!' आत्याला वाचून दाखवलं.

"वावरातलं निंदण सोडून कोण येते बाप्पा? पहिल्याच दिवशी शो मागतीन."

राग आला, पण ओळ खोडली. 'आम्ही काही मित्र दर सोमवारी मंडल कार्यालयासमोर बसू' असं लिहिलं, गाव हलवू नका असा अर्ज आत दिला आणि बसलो. पुढच्या सोमवारीही बसलो, भर पावसात. त्याच्या पुढच्या सोमवारी तहसीलदार साहेबांनी मला एकट्याला आत बोलावलं.

"बस, इत्तेच लोग?"

"आज इत्तेच, साब," मी हळू म्हणालो. "अगले सोमवार पूरा गाँव."

गावात मी कुणाला विचारलंसुद्धा नव्हतं. साहेबांनी आमच्या अर्जावर शिफारस लिहून तो वर पाठवला.

गाव तलमडुगूतच राहिलं. माझ्या एका वाक्यामुळे राहिलं असं मी म्हणणार नाही. पण ते वाक्य साहेबांना खरं वाटलं, ते आधीच्या सोमवारांमुळे.

आत्याला सांगितलं तर ती हसली नाही. "अन् शो मागला असता तं?"

"माझी एकट्याची लाज गेली असती."

"मंग ठीक."

तिचे उपकार मी असे मोजतो : तिनं मला घरात हरवलं, बियांवर हरवलं. तोच धडा बाहेर मिळाला असता तर भुर्दंड गावाला पडला असता.

म्हणून एक मागणं. तुमच्या घरात कुणी नवखा पत्ते धरायला लागला असेल, तर लाडानं त्याला जिंकू देऊ नका. त्याचा पहिला खोटा डाव तुम्हीच पकडा, आणि कसा ओळखला तेही त्याला सांगा.