न्यूझीलंडच्या दारात आठ ओट्या

सोळा माणसांचे सोळा फॉर्म मी विमानातच भरून टाकले आणि एकूण एक प्रश्नापुढे 'नाही'वर खूण केली. विचारलं कुणालाच नाही. नुसत्या सह्या घेतल्या. वर "बघा, ताई सोबत असली की कसं झटपट काम होतं," हेही ऐकवलं. या मूर्खपणाला आता बरीच वर्षं झाली. पण त्या सकाळी ऑकलंडच्या विमानतळावर एक तपकिरी-पांढरा कुत्रा माझ्या टूरमधल्या रुक्माबाईंच्या बॅगेपाशी आला आणि शांतपणे खाली बसला, ते काही डोळ्यांपुढून जात नाही.

"दमलं असन बिचारं," रुक्माबाई म्हणाल्या. "बसू द्या त्याले."

मीही हसले. कुत्रा भुंकत नाही म्हणजे सगळं ठीक, अशी माझी समजूत. पण हा कुत्रा भुंकण्यासाठी ठेवलेलाच नव्हता. खाण्याचा किंवा बियांचा वास आला की बसायचं, एवढंच त्याला शिकवलेलं. मग तो दुसऱ्या बॅगेपाशी बसला. मग तिसऱ्या. तेव्हा माझं हसू थांबलं.

मी तेव्हा नागपूरच्या एका लहानशा टूर कंपनीत टूर मॅनेजर होते. टूर मॅनेजर म्हणजे हातात झेंडी धरून पुढे चालणारी, दर थांब्याला डोकी मोजणारी आणि कुणाचं पोट बिघडलं तर ओवा देणारी बाई. या धंद्यात प्रवाशांना 'पॅक्स' म्हणतात. परदेशात पॅक्स घेऊन एकटीनं जाण्याची माझी पहिलीच वेळ. गळ्यात स्कार्फ, अंगात ब्लेझर आणि डोक्यात हवा. साहेबांनी निघताना बजावलं होतं, "ही टूर नीट झाली तर पुढच्याही तुम्हालाच. नाही तर तुमचं टेबल आहेच ऑफिसात."

माझे पॅक्स सगळे भंडारा जिल्ह्यातले: जवाहरनगरच्या फॅक्टरीतून रिटायर झालेली दोन जोडपी, पवनीचे काही व्यापारी आणि लाखांदूरकडचे धानाचे शेतकरी. गजाननराव आणि त्यांची बायको रुक्माबाई त्या शेतकऱ्यांतले.

आता घोळ कुठे झाला ते सांगते. भंडाऱ्याला बस सुटताना मीच आठही बायांच्या ओट्या भरल्या होत्या. गजाननरावांनी घरून आणून दिलेले त्यांच्या शेतातले तांदूळ, खोबऱ्याची वाटी, सुपारी, हळकुंड. पहिल्याच दिवशी ग्रुप आपल्या बाजूनं करून घ्यायची ही माझी युक्ती. सगळ्यांनी रुमालात गाठ मारून बॅगेत ठेवल्या. आणि विमानात 'खाण्याचे पदार्थ, बिया, झाडाचा कुठलाही भाग जवळ आहे का?' हा प्रश्न आला, तेव्हा मी बेधडक 'नाही' केलं. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. ओटी हा काय खाण्याचा पदार्थ आहे? ओटी ही ओटी असते!

उंच, रापलेल्या चेहऱ्याच्या एका बाई ऑफिसर आल्या. आम्हा सगळ्यांना बाजूच्या लांब टेबलापाशी नेलं. रुक्माबाईंचा रुमाल सोडून तांदूळ पांढऱ्या ट्रेमध्ये पसरले आणि चिमट्यानं एक दाणा उचलला. गिरणीतून टरफलासकट सुटलेला धानाचा दाणा होता तो.

"हे उगवेल का?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

मी "नो, नो" म्हणेपर्यंत गजाननराव पुढे सरकले. "काय इचारून राहिली बाई? उगवन का मनून? मस्त उगवन! आमच्या बांधीतलं बियाणं हाये ते." आणि बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उभं राहतं तसं गुडघ्याएवढं पीक हातानं दाखवलं. भाषांतराची गरजच उरली नाही.

ऑफिसरबाईंनी मला समजावलं. नुसते तांदूळ असते आणि तुम्ही आधी सांगितलं असतं, तर आम्ही बहुधा तपासून परत दिले असते. पण धान हे बी आहे. आणि गुन्हा आणण्याचा कमी, लपवण्याचा मोठा. फॉर्मवर खोटी माहिती दिलेल्याला आम्ही परतही पाठवू शकतो.

मी कोपऱ्यात जाऊन साहेबांना फोन लावला. नागपुरात तेव्हा मध्यरात्र उलटली होती.

"साहेब, कुत्रा बसला."

"कुठं बसला?"

"आपल्या बॅगांपाशी."

"मंग उठवा न मॅडम! त्यात मले काय इचारता?"

पुढचं सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, "सोळाच्या सोळा बाहेर निघाले पाह्यजेत. एक जरी परत आला, तर तुम्हीबी त्याच्यासंगंच या."

परत येते तर नवीनच पेच. सात जणींनी ओट्या देऊन टाकल्या होत्या. रुक्माबाई मात्र ट्रेमधली ओटी पुन्हा रुमालात बांधून, रुमाल छातीशी धरून उभ्या.

"ओटी कचऱ्याच्या डब्यात? नाई देत मी. वापस धाडा मले."

मी हात जोडले. घरी गेल्यावर दुसरी भरते म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ब्लेझरची बटणं चाचपू लागले. शेवटी गजाननराव बोलले, अगदी सावकाश.

"आपल्या बांधावर गाजरगवत हाये का नाई?"

"हाये. त्याचं काय आता?"

"माह्या बापाच्या लहानपणी नोयतं. भायेरदेशाच्या धान्यातून आलं मन्तात. तवा कोनी कुत्रा बसवला असता, त तुह्या हाताची खाज वाचली असती. हे लोक आपला बांध राखून राहिले, बस."

जे मला इंग्रजी येऊन कळलं नव्हतं, ते त्यांना एका दाण्यावरून कळलं. रुक्माबाईंनी रुमालाची गाठ पुन्हा आवळली. मग म्हणाल्या, "त्या बाईले सांगा, तिनं फेकाची नाई. मीच ठेवतो."

मी सांगितलं. ऑफिसरबाईंनी डब्याचं झाकण दोन्ही हातांनी उचलून धरलं. रुक्माबाईंनी रुमाल सावकाश आत ठेवला आणि डब्याला नमस्कार केला.

मला वाटलं, सुटलो. कसचं! ऑफिसरबाईंनी सोळा कोरे फॉर्म माझ्यापुढे ठेवले. आता प्रत्येकाला प्रत्येक प्रश्न त्याच्या भाषेत विचारायचा आणि तो जे सांगेल तेच लिहायचं. मी विचारायला लागले.

"गेल्या महिन्याभरात शेतात गेला होता का?"

"ताई, शेतात नाई त का आभाळात गेलो?"

"गुराढोरांजवळ?"

"रोज! मशी का आपल्या मनानं दूध देतात?"

माझ्या फॉर्मवर हे सगळे शेतकरी आयुष्यात कधी शेतात गेलेच नव्हते! गजाननरावांच्या चपलांना बांधीची माती चिकटलेली होती. चपला आत गेल्या आणि स्वच्छ धुऊन परत आल्या. आणून देणारा युनिफॉर्ममधला माणूस पाहून गजाननराव खुर्चीतून उठूनच उभे राहिले. "सरकारी मानसानं माह्या चपला धुतल्या? गावात सांगन त कोनी मानन का?"

दुपार झाली. सोळाच्या सोळा बाहेर निघाले. लेखी ताकीद एकटीच्या नावावर, माझ्या. अक्षर सगळीकडे माझंच होतं ना! त्या दिवशीची बोटीची सैर बुडाली. पुढे गरम पाण्याचे झरे पाहिले, मेंढ्यांनी भरलेले डोंगर पाहिले. गजाननराव प्रत्येक कुंपणापाशी थांबून तार कशी ताणली ते पाहायचे. पण गावी परतल्यावर लोकांनी सांगितली ती चपलांचीच गोष्ट.

पुढच्या टूरही मला मिळाल्या. त्यांत मी एकच नियम पाळला. फॉर्म माझ्या हातानं, पण उत्तर ज्याचं त्याच्या तोंडानं. वेळ लागतो. लागू द्यावा.

ऑकलंडच्या त्या पहिल्या संध्याकाळी हॉटेलच्या बसमध्ये मी रुक्माबाईंशेजारी जाऊन बसले आणि माफी मागितली. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ताई, मले इंग्रजी येत नाई, हे खरं. पन खोटं बोलाचंच असन त मी माह्या तोंडानं बोलीन. तुमी कायले तरास घेता?"