तिसऱ्या भागातले ठोके

आधीच सांगून टाकतो, मी मेंटेनन्सवाला माणूस आहे. आवाज आला की बेअरिंग बघायचं, भूत नाही, हे मी नव्या पोरांना दहा वर्षं ऐकवत आलोय. या सदरातले अनुभवही मी हसायलाच वाचायचो. तेव्हा तुम्ही मला हसलात तर माझी काही तक्रार नाही... फक्त शेवटपर्यंत वाचा.

मी मूळचा नाशिकचा. सिल्वासात सूत रंगवायच्या कारखान्यात नोकरी, किलवणी नाक्याजवळ भाड्याची खोली. बायको-मुलगी नाशिकलाच. खालच्या खोलीत आमचे फिटर भामरे नाना राहतात. साक्रीकडचे, पन्नाशी ओलांडलेले. पहिली पाळी सुटली की चार वाजता चहाला वर येतात.

गेल्या वर्षी एका मित्राने पेनड्राइव्ह दिला. लहानपणी टीव्हीवर लागायची ती अंतराळयानाची मालिका, अगदी पहिल्या भागापासून! पुठ्ठ्याचं यान, चंदेरी रंग फासलेली हेल्मेटं. मी पोट धरून हसत होतो. नाना मात्र गंभीरपणे बघायचे.

तिसऱ्या भागात यान बिघडतं. पाच जण दुरुस्तीला बाहेर पडतात आणि जाताना प्रत्येक जण दाराजवळच्या खिळ्याला आपला बिल्ला अडकवतो.

"अरे, हे तर आपल्यासारखंच!" नाना खूश झाले.

खरंच आमच्यासारखं. आमच्याकडे टाकीत उतरणाऱ्याने आपला बिल्ला झाकणाशेजारच्या हुकाला लावायचा आणि बाहेर आल्यावर स्वतःच काढायचा. एकही बिल्ला लटकत असेल तोवर टाकीत पाणी सोडायचं नाही. आता खरं सांगतो. कँटीनमध्ये बिल्ला दाखवल्याशिवाय चहा मिळत नाही, म्हणून आधी वर आलेला माणूस जोडीदाराचाही बिल्ला उचलतो आणि दोघांसाठी रांगेत उभा राहतो. सक्त मनाई आहे. सगळेच करतात.

तर पडद्यावर कप्तान आत आला, त्याने एका हाताने सगळे बिल्ले गोळा केले आणि दार बंद केलं. मग बाहेरून आवाज आला. टक, टक, टक. थोडा थांबून पुन्हा तीन. यानातल्या कुणी मान वळवली नाही. भाग संपला.

"साहेब, तो मानूस बाहेरच राहून गेला ना," नाना म्हणाले.

हा भाग मी लहानपणी दोनदा पाहिला होता. पाच गेले, पाच आले. ठोके नव्हतेच, मी शपथेवर सांगतो. मी टीव्ही बंद केला. का कोण जाणे, चौथा भाग लावावासा वाटला नाही.

दोन दिवसांनी शनिवार, आमच्या सुट्टीचा वार, म्हणून गरम पाण्याच्या टाकीची सफाई काढली होती. मी आणि नाना आत उतरलो. तळाचा क्षार ठोकून काढला. बाराच्या सुमारास नाना म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं, मी एवढा कोपरा पुसून येतो." मी हातोडी घेऊन वर आलो, सवयीने दोन्ही बिल्ले खिशात टाकले आणि कँटीनकडे निघालो. वाटेतच मॅनेजरचा फोन. माल आजच जायला हवा, टाकी अजून रिकामी कशी, वगैरे. वीस मिनिटं वादावादी. चहा राहिला बाजूला, मी तणतणत परत आलो.

हुक रिकामा होता.

टाकीजवळ जिग्नेश नावाचा ऑपरेटर उभा होता, इथलाच, किलवणीचा. त्याने विचारलं, "साहेब, बद्धा बाहेर ने? पाणी चालू करूं?"

मी रिकाम्या हुकाकडे बघितलं, सगळे बाहेर आले असं धरलं आणि म्हणालो, "कर."

माझ्या तोंडून गेलेला हा शब्द मला आजही झोपू देत नाही. त्या नळातून उकळतं पाणी येतं.

झाकण बसलं. जिग्नेशने व्हॉल्व्हच्या चाकाला हात घातला आणि मला ऐकू आलं... टक, टक, टक. थोडा थांबून पुन्हा तीन. तस्सेच! "ऐकलंस का?" जिग्नेशने मान हलवली. त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं. माझा हात आपोआप खिशात गेला. आत दोन बिल्ले होते.

मी एवढ्या जोरात ओरडलो की जिग्नेश चाक सोडून मागे सरला. झाकण उघडलं तर नाना तळाशी कोपऱ्यात पडलेले. दोर लावून वर काढले. श्वास चालू होता.

संध्याकाळी दवाखान्यात ते बोलायला लागले. मी त्यांचा हात धरून म्हणालो, "नाना, तुम्ही ठोकलंत म्हणून वाचलात हो."

"मी कुठं ठोकलं साहेब? तुम्ही वर गेले अन् मला चक्कर आली. पुढचं काहीच आठवत नाही. अन् ठोकनार कशानं? हातोडी तर तुम्ही घेऊन गेले ना."

खरंच, मी वर आलो तेव्हा त्यांच्या हातात फक्त फडकं होतं.

घरी आल्यावर नानांनीच हट्ट धरला, म्हणून तिसरा भाग पुन्हा लावला. तोच पेनड्राइव्ह, तीच फाइल. पाच जण बाहेर गेले. पाच जण परत आले, प्रत्येकाने आपापला बिल्ला काढला, दार बंद झालं. मी आवाज पूर्ण वाढवला. काही नाही.

"नाही वाजलं," नाना म्हणाले. "म्हनजे सगळे आत आले."

कारखान्यात माझं कौतुक झालं. साहेबाचा कान तीक्ष्ण, म्हणे. दुसरा बिल्ला कुणाच्या खिशात होता, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आज इथे पहिल्यांदा लिहितोय. नानांना मात्र ठाऊक आहे. घरी आले त्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर हात पुढे केला आणि मी खिशातून त्यांचा बिल्ला काढून दिला. त्यांनी तो आपल्या खिशात ठेवला.

चौथा भाग आम्ही अजून लावलेला नाही. आता टाकीचं झाकण बसलं की मी व्हॉल्व्ह लगेच उघडू देत नाही. पत्र्याला कान लावून उभा राहतो. पोरं मागे हसतात. नाना हसत नाहीत, ते माझ्या शेजारी येऊन कान लावतात.