मम्मीच्या सुरीची चौकट

कुरुळीत आमची खाणावळ आहे. कंपन्यांतले लोक सकाळी डबे नेतात, संध्याकाळी जेवायला बसतात. सगळं चिरणं मम्मीकडे. तिच्या उजव्या अंगठ्याचा सांधा गेला तेव्हा तिने येत्या एक तारखेपासून संध्याकाळचं जेवण बंद करायचं ठरवलं. पप्पांना ते पटलं नाही.

"जेवण कशाला बंद करतीस? सुरी बदलू."

पप्पा पूर्वी चाकणला टूलरूममध्ये होते. आता डोळ्यांमुळे घरी असतात आणि शेडमध्ये लोकांच्या मागणीप्रमाणे सुऱ्या बनवतात. मम्मीची जुनी सुरीही त्यांचीच. तिच्या पात्याचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत तेवढंच रुंद गेलेलं, दोन्ही बाजूंनी शिसवाच्या पट्ट्या. मजबूत, पण हातात जड. शिवाय दिवसातून दहादा धुतल्यामुळे लाकडाच्या आत पाणी शिरायचं, कडा फुगायच्या आणि अंगठ्याला टोचायच्या.

या वेळी त्यांनी मुठीत जाणारी पात्याची शेपटी करंगळीएवढीच ठेवली. तिच्याभोवती मुठीच्या आकाराची अॅल्युमिनियमची चौकट, फक्त पुढून उघडी. लाकडी पट्ट्या पात्याला नाही, या चौकटीला बसवायच्या. त्यामुळे मूठ वेगळी घडवता येते. मम्मीच्या हातात द्यायची, कुठे टोचतं विचारायचं, परत घासायची. तिचं समाधान झालं की मगच पातं आत चिकटवायचं. वजन कमी, आणि शेपटीला पाणी लागत नाही. मला ही रचना आवडली. आत काय आहे ते बाहेरच्याला दिसत नाही.

चौकटीत शेपटी बसायची खाच घासायचं काम माझ्याकडे आलं, कारण पप्पांना बारीक रेघ दिसत नाही. मी तळवड्यात एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर फट मोजते. फट दिसली की पार्ट रिजेक्ट. इथेही मी तेच केलं. गुरुवारची अख्खी सुट्टी कानस चालवण्यात आणि मोजण्यात गेली. शेपटी इतकी नेमकी बसली की कडेने कागदही जाईना. पप्पांनी बोट फिरवून पाहिलं. "कंपनीचं काम!" म्हणाले. चिकटवताना बराच गोंद बाहेर आला, तो मीच पुसला.

आठवड्याने मुठीवर फडकं गुंडाळलेलं दिसलं. घाम येतो, मम्मी म्हणाली. पण जुन्या सुरीला तिने कधी फडकं बांधलं नव्हतं. भांडी घासताना मी ते सोडलं. पातं हलत होतं.

"कधीपासून?"

"परवापासून. पप्पाला सांगू नको. तुमी दोघांनी एवढा जीव लावून केली, आन् मी कोणत्या तोंडानं सांगू, सुरी हलायलीय म्हणून?"

सांगावंसं मलाही वाटत नव्हतं. शिफ्टवरून आल्यावर माझ्यात बोलायचं बळ नसतं, आणि एरवीही फारसं नसतं. पण त्या सुरीखाली तिची बोटं होती. मी पप्पांना सांगितलं.

त्यांनी ओलं फडकं पात्याला गुंडाळलं, गोंद सुटावा म्हणून मूठ शेकली आणि पातं ओढून काढलं. ते सहज आलं. शेपटी जवळजवळ कोरडी होती.

"गोंद कुठाय?"

"बाहेर आला. मी पुसला."

पप्पांनी चष्मा काढून डोळे चोळले. "सगळी जागा तू आवळून टाकलीस. गोंदानं बसावं कुठं, माझ्या डोस्क्यावर?"

"मला वाटलं, फट म्हणजे चूक."

"कंपनीत." त्यांनी कानस माझ्यापुढे सरकवली. "घास. दोन्ही बाजूंनी थोडं थोडं. मी पण बघायला पाहिजे होतं."

मुठीला मात्र काही झालं नव्हतं. जुन्या पद्धतीची असती तर लाकूड फोडावं लागलं असतं.

महिनाअखेरीच्या एका संध्याकाळी बसमधून उतरून आले तर मम्मी फडक्याशिवाय कांदे चिरत होती. पातं हलत नव्हतं. पण दर दोन-तीन कांद्यांनंतर ती हात झटकत होती. अंगठा काही सुरीने बरा होणार नव्हता.

ताटावर बसलेल्या एकाने विचारलं, "मावशी, एक तारखेपासून आमी जेवायचं कुठं मग?"

पप्पा शेडच्या दारात उभे होते. मम्मीने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"इथंच या," ती म्हणाली. "कांदा मात्र अर्धाच भेटंल."

मी बॅग खुंटीला अडकवली, जुनी जड सुरी शोधली आणि उरलेल्या कांद्यांची पाटी माझ्याकडे ओढली.