सहा महिने शिळी बातमी

"बातमी आली रं! ताजी हाय!" असं ओरडत आमचे गणिताचे सर लॅबमध्ये शिरायचे आणि परदेशी मासिकातलं कात्रण माझ्या टाइमटेबलावरच टाचणीनं ठोकायचे. मासिक बोटीनं यायचं. म्हणजे ताजी बातमी किमान सहा महिन्यांची. "सर, शिळी आहे," म्हटलं की म्हणायचे, "तुला आधी कळलीती का? न्हाय न्हवं? मग ताजीच."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. स्वतः झपाटलेली आणि शेजारच्याचं डोकं फिरवणारी. ऐंशीच्या दशकात बेळगावातल्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते गणित शिकवत, मी कॉम्प्युटर लॅब सांभाळत असे. त्यांचं वेड म्हणजे कॉम्प्युटरची एक नवी भाषा. तिच्यात लिहिलं की एकाच गणितावर अनेक प्रोसेसर एकदम कामाला लागतात. आमच्याकडे मशीन एकच, तेही दुपारी तापून बंद पडायचं.

"वडगावात माझ्या घरात येऊन बग. बायको सुताच्या कांड्या भरती, भाऊ ताणा लावतो, पोरगी माग चालवती. समदी एकदम. तुझं मशीन तेवढं एकटं राबतंय, बिचारं." असं म्हणून ते त्याच्यावरून हात फिरवत. माझं टाळकंच सटकायचं.

त्या भाषेतला एक प्रोग्रॅम त्यांनी वहीत लिहून ठेवला होता. तो खऱ्या मशीनवर चालताना बघायचा, एवढीच त्यांची इच्छा. नवं मशीन द्यायचं का, हे ठरवायला समिती येणार होती. मी आठवडाभर लॅब घासूनपुसून घेतली. आणि यांनी काय करावं? समितीसमोर सोळा विद्यार्थी मैदानात गोल बसवले. प्रत्येक जण एक प्रोसेसर. शेजाऱ्याकडून आकड्याची चिठ्ठी घ्यायची, बेरीज करायची, मग आपली चिठ्ठी पुढच्याला द्यायची. "सुरू!" म्हणाले. पाच मिनिटं झाली तरी कोणी हलेना.

"काय झालं रं?"

"सर, शेजाऱ्याची चिठ्ठीच आली न्हाय."

सोळाच्या सोळा जण शेजाऱ्याची वाट बघत बसले होते. समिती हसली, चहा प्यायली, गेली. नवं मशीन हातचं गेलं. आणि हे टाळ्या वाजवत होते! "बगितलंस? मोठ्या मशीनवर बी हितंच अडकतंय, मासिकात आलतं. आधी द्यायचं, मग मागायचं. तेवढंच चुकलं माझं." त्या दिवशी मी त्यांच्याशी बोललो नाही.

मशीन आलं ते त्यांच्या निवृत्तीनंतर दोन वर्षांनी. चार प्रोसेसरांचं. कॉलेज सोडताना त्यांनी वही माझ्याकडे दिली होती, ती चूक दुरुस्त करून. मी प्रोग्रॅम टाइप केला, चालवला. उत्तर आलं. खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. उत्तराचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि परीक्षेच्या गडबडीत उद्या जाऊ, उद्या जाऊ करत आठ दिवस घालवले.

वडगावात पोचलो तर त्यांच्या घरचे माग बंद. दारात माणसं बसलेली.

"परवा गेले ओ," वहिनी म्हणाल्या.

खिशातून काढलेला कागद मी मागे घेतला, पण त्यांनी पाहिला.

"बातमी हाय न्हवं? वाचा की सर. शिळी झाली तरी त्यास्नी चालायची."